वहीतला लाल शेरा आणि आजोबांचा वस्तरा

पत्र (थोडं आटोपशीर करून):

नमस्कार ताई,
आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. एसटी स्टँडजवळ माझ्या सासऱ्यांचं कटिंगचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. मिस्टर नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळे दुकान अजून मामाच बघतात (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो). मुलगा सहावीत आहे. मराठीच्या बाईंनी गृहपाठ दिला: केसांवरचे दहा वाक्प्रचार किंवा म्हणी शोधा आणि वाक्यात उपयोग करा. 'केसालाही धक्का न लावणे' याचं त्याने वाक्य केलं, 'माझे आजोबा न्हावी असल्यामुळे केसालाही धक्का न लावता त्यांचं पोट भरत नाही.' बाईंनी लाल शाईत 'अर्थ समजून घे, पुन्हा लिही' असा शेरा मारला आणि वाक्य वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. त्याच तासाला कुणीतरी 'बिनपाण्याची हजामत करणे' वाचलं, तेव्हापासून माझ्या मुलाचं नाव 'बिनपाणी' पडलंय. एकाने 'न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघणार' ही म्हण लिहून आणली होती, तीही वाचली गेली. घरी येऊन पोराने आजोबांना विचारलं, 'हजामत करणे म्हणजे रागावणे, मग तुम्ही दिवसभर लोकांना रागावता का?' मामा हसले, पण त्या रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत.
शाळेत जाऊन भांडावंसं वाटतं. मिस्टर म्हणतात, भाषेतच आहे ते, कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार. वही सोमवारी परत द्यायची आहे. मदत म्हणून दिरांनी 'शष्प फरक न पडणे' सुचवलंय. ते चालेल का? आणि शाळेचं काय करू?
– एक आई

*

नमस्कार.

घाईचं आधी. दिरांनी सुचवलेलं वहीत जाता कामा नये. शष्प हा शब्द संस्कृतातला, तिथे त्याचा अर्थ कोवळं गवत. दिसायला इतका सोज्वळ, की चांगली शिकली-सवरलेली माणसं 'मला शष्प कळत नाही' असं चारचौघांत बोलून मोकळी होतात. मराठीत ते गवत नेमकं कुठे उगवतं ते दिरांना विचारा, मुलगा खेळायला गेला की. शब्द केसांचाच आहे, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

आता मुलाच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. 'केसालाही धक्का न लावणे' म्हणजे जराही इजा होऊ न देणे. बाईंचं म्हणणं चूक नाही. परीक्षेत हा अर्थ धरूनच वाक्य करावं लागणार. पण ज्याच्या घरात सकाळ-संध्याकाळ केसांना धक्का लावूनच चूल पेटते, त्या पोराने हा वाक्प्रचार ऐकला आणि त्याला त्यातली गंमत दिसली. ही गंमत वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या मुलाला दिसली नसती. मी सत्तावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं 'देशासाठी त्याने प्राण अर्पण केले' असली वाक्यं तपासण्यात गेली. चाळीस वह्यांत चाळीस वेळा प्राण अर्पण. त्यात असं एखादं वाक्य आलं असतं तर 'पुन्हा लिही' मीही लिहिलं असतं, पण खाली 'मजा आली' असंही लिहिलं असतं. दोन्ही वाक्यं त्याला वहीत ठेवू द्या. पहिलं स्वतःचं, दुसरं परीक्षेचं.

हजामतीचा प्रश्न त्याने आजोबांना विचारला तो बरोबरच विचारला. उत्तर मात्र सरळ नाही. हजामत मूळचा अरबी शब्द. तिकडे 'हिजामा' म्हणजे अंगाला तुंबडी लावून रक्त काढणं, आणि ते करणारा तो हज्जाम. वस्तरा चालवणारा हात तोच, म्हणून केस आणि दाढीचं कामही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. वस्तरासुद्धा फारसी 'उस्तुरा'वरून आलेला. आपल्याकडे पोचेपर्यंत रक्ताचा अर्थ गळाला, केसांचा राहिला, आणि मग गिऱ्हाइकांनी त्यातून तिसराच अर्थ काढला: एखाद्याला चांगलं खडसावणं, लुबाडणं, नागवणं. 'भादरणे'चं तेच झालं. मेंढ्या भादरतात ते काम. माणसाला भादरला म्हणजे त्याची फजिती केली. 'मुंडणे'चंही तेच. हे तिन्ही अर्थ खुर्चीत बसलेल्या माणसाने दिलेले आहेत, खुर्चीमागे उभ्या राहिलेल्याने नाहीत. मान खाली घालून, डोकं दुसऱ्याच्या हातात देऊन दहा मिनिटं गप्प बसायचं याची जी धास्ती असते ना, ती या शब्दांत उतरली आहे, असं मला वाटतं.

आणि 'बिनपाण्याची हजामत'. हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढला त्याला धंद्याची बरी माहिती असावी. वस्तऱ्याच्या दाढीत निम्मं कसब वस्तऱ्याचं आणि निम्मं पाण्याचं. तळहाताने पाणी लावून गाल चोळत राहायचं, केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो, मग पातं ओढत नाही. कोरड्या गालावर फिरवलं तर कातडी सोलवटते. म्हणून बिनपाण्याची म्हणजे निर्दय. आता यात बदनामी कुणाची झाली? चांगला न्हावी कधीच बिनपाण्याची करत नाही, हे गृहीत धरल्याशिवाय या वाक्प्रचाराला अर्थच येत नाही. मुलाला एवढं समजावून सांगा. कुणी 'बिनपाणी' म्हटलं तर 'आमच्या दुकानात पाणी लावतात, तुमच्याकडे पद्धत नाही का?' एवढं त्याला म्हणता येईल. पोरं टोपणनावं तोवरच वापरतात जोवर समोरचा लाल होतो.

तरी तुमच्या मिस्टरांचं 'भाषेतच आहे ते' हे मला अर्धंच पटतं. भाषेत आहे म्हणून सगळंच एका मापाचं नाही.

केसांवरच्या बहुतेक वाक्प्रचारांत केस हा निव्वळ निमित्त असतो. 'केसाने गळा कापणे' घ्या. केसाइतकी मऊ, निरुपद्रवी वस्तू नाही. त्यानेच गळा कापला म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने घात केला. (आजोबांच्या वस्तऱ्यापुढे लोक चाळीस वर्षं स्वतःहून गळा देत आले आहेत. या वाक्प्रचाराच्या नेमकं उलट कुणी जगत असेल तर ते तुमचे मामा.) 'माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत' असं एखादे काका म्हणतात तेव्हा ते अनुभवाचा हक्क सांगत असतात; पुढे ते जे बोलतात त्यात अनुभव असतोच असं नाही, पण ते सोडा. यात कुणाला काही लागत नाही.

'न्हाव्याचा उकिरडा' वेगळा आहे. त्यात केस निमित्त आणि माणूस लक्ष्य आहे. अशा म्हणी गावगाड्यात तयार झाल्या. न्हावी बलुतेदार, सुगीला धान्य मोजून घ्यायचा आणि वर्षभर गावाची डोकी करायचा. सोनार, शिंपी, कुंभार, भट, सगळ्यांवर असल्या म्हणी आहेत, आणि सगळ्यांत आपलं सोडून दुसऱ्याचं हसं आहे. अभ्यास म्हणून त्या जपून ठेवायला माझी ना नाही. सहावीच्या वर्गात गृहपाठ म्हणून वाचून दाखवायला आहे.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. हीच म्हण मी स्वतः एकदा फळ्यावर लिहिली होती. जुनी गोष्ट आहे, शाळेचं नाव नको. 'मूळ स्वभाव लपत नाही' असा काहीतरी अर्थ सांगितला, दोन उदाहरणं दिली, पुढे गेले. तास संपल्यावर फळा पुसायला नेहमी धावत येणारा मुलगा त्या दिवशी आला नाही. त्याच्या वडिलांची टपरी बाजारपेठेत होती, मी रोज तिच्यावरून जायचे. मला जोडायला दोन दिवस लागले. मी त्याला बोलावून काही बोलले नाही, धीर झाला नाही. पुढच्या वर्षीपासून ती म्हण फक्त लिहायची सोडली. तुमचं पत्र वाचलं आणि तो ओला फडका डोळ्यांपुढे आला.

तेव्हा शाळेत जा, पण भांडायला नको. बाईंनी हे मुद्दाम केलं असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. केसांवरचे वाक्प्रचार ही कल्पना तर छान आहे. मधल्या सुट्टीत भेटा, मुलासमोर नको, आणि दोनच गोष्टी मागा. टोपणनाव वर्गात बंद व्हायला हवं, आणि ते बाईंनीच करायचं, तुम्ही नाही. दुसरं, जातीच्या नावाची म्हण गृहपाठात आली तर ती वाचून न दाखवता बाजूला ठेवावी. माफीबिफी मागू नका; माफी मागायला लावली की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि मूळ गोष्ट राहून जाते. बाईंनी टाळाटाळ केली, तर मग मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. तोवर थांबा.

वहीचं म्हणाल तर आणखी एक सुचवते. बदनामीच्या म्हणीला उत्तर म्हणून त्याच धंद्यातून आलेले शब्द मुलाला द्या. ते आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त कुणी गृहपाठाला देत नाही. संत सेना महाराजांचा अभंग आहे, 'आम्ही वारीक वारीक, करू हजामत बारीक'. वारीक म्हणजे न्हावी. त्यांनी दुकानातलं सगळं सामान उचललं आणि अध्यात्मात नेऊन मांडलं: आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा, डोईला घोळायचं पाणी शांतीचं, आणि पिळायची शेंडी कुणाची, तर अहंकाराची. नखं काढायची ती काम-क्रोधाची. गंमत बघा, गिऱ्हाइकांनी 'हजामत'चा अर्थ फजिती केला आणि वस्तरा धरणाऱ्याने तिचा अर्थ मन स्वच्छ करणं असा केला. पाणीही लावलं, बरं का. मामांना हा अभंग पाठ असेल, नसला तर आश्चर्य.

'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण तर मुलाला पाठच असेल. 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला आणि पुढच्याच वर्षी पन्हाळ्याहून महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेले शिवा काशिद, दोघेही नाभिक समाजातले मानले जातात. म्हण केसांवरची नाही, त्यामुळे दहात धरता येणार नाही. पण उकिरड्याची म्हण आणणाऱ्या मित्राला तो ही ऐकवू शकतो.

आणि एक गोष्ट त्याला आत्ता नको, आठवी-नववीत गेल्यावर सांगा. 'बोडकी' हा शब्द त्याच्या कानावर कधीतरी पडेल, जुन्या शिव्यांत, जुन्या म्हणींत. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, तिला लाल आलवणात गुंडाळायचं आणि वर तिलाच शिवी म्हणून बोडकी म्हणायचं, असं आपल्याकडे चालत होतं. ते काम करायला न्हाव्यालाच बोलावत. 1890 साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र जमली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. मोठमोठे विद्वान शास्त्रार्थ करत बसले होते तेव्हा ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. केसालाही धक्का न लावणे याचं याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

मामांच्या गप्प बसण्याबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. कदाचित वाईट वाटलं असेल. कदाचित चाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला म्हणून ते विचारात पडले असतील. चूक झाली म्हणून नातवाला त्यांच्यासमोर उभं करून 'सॉरी म्हण' करू नका, त्याने ते अजून अवघडतील. रविवारी त्याला वही-पेन देऊन दुकानात बसवा. गर्दीच्या दिवशीच, म्हणजे गिऱ्हाइकंही बोलतील.

दुकानात जे शब्द पडतात ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. कल्ले किती ठेवू, झिरो मारू का, मागून बारीक आणि पुढे जरा राहू दे, कोंबडा नको बाबा शाळेत ओरडतात. तुमच्या मामांनी अमिताभसारखे कानांवरून केस ठेवणारी पिढी पाहिली असेल, मग कपाळावर दोन्हीकडून केस सोडणारा 2003 चा 'तेरे नाम' कट मागणारी पोरं, मग एकदम सगळं उतरवणारी. गोटा केलेल्याला चकोट, तुळतुळीत, चमन, विमानतळ असं काय काय म्हणतात. केस कमी झालेल्या गिऱ्हाइकाला कुणीतरी हमखास सांगतं की टक्कल पडलेला माणूस गरीब नसतो. ही समजूत संस्कृत श्लोकातही सापडते, 'क्वचित् खल्वाटो निर्धनः', पण भर्तृहरीचा टकल्या मात्र उन्हाने हैराण होऊन झाडाखाली जातो तर डोक्यावर फळच पडतं. तेव्हा पैशाचा भरवसा नको. डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, हे सांगायलाही कुणीतरी असतंच. चंपी विसरू नका. इंग्रजांनी 'चांपो' हा आपल्याकडचा शब्द तिकडे नेला आणि त्याचा 'शाम्पू' झाला. तेव्हा त्याचा अर्थ मालीशच होता. 1814 च्या सुमारास ब्रायटनला पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी त्याची बाष्पस्नानगृहं चालवली, तिथे गोरे साहेब अंग रगडून घ्यायला जात. आज आपण तोच शब्द बाटलीवर वाचतो.

गिऱ्हाइकं नसतील तेव्हा त्याला मामांकडून हत्यारांच्या धोकटीतल्या एकेका वस्तूचं नाव लिहून घेऊ दे. सिल्लीच्या दगडावर वस्तरा कसा लावायचा ते बघू दे. आणि जावळाचं विचारू दे. आईच्या भावाच्या मांडीवर बसवलेल्या, किंचाळणाऱ्या पोराचे पहिले केस काढायला जो हात लागतो तसा हात सगळ्यांचा नसतो. तुमच्या गावात असे किती जण आज मिशीला पीळ देत फिरत असतील, ज्यांचं जावळ तुमच्या सासऱ्यांनी काढलंय! बाईंच्या वर्गातलेही दोन-चार निघतील, कदाचित उकिरड्यावाला मित्रसुद्धा.

राहिली सोमवारची वही. केसाने गळा कापणे, केसालाही धक्का न लावणे आणि केस उन्हात पांढरे न होणे हे तीन वर आलेच. शेंडी लावणे (फसवणे) घ्या. 'शेंडी तुटो की पारंबी तुटो' घ्या, म्हणजे काय वाटेल ते झालं तरी मागे हटायचं नाही; सहावीचा मुलगा त्याचं सुट्टीतल्या क्रिकेटवर वाक्य करून देईल. मिसरूड फुटणे, मिशीवर ताव देणे. 'एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवू पाहतो विडी', ही माझी आवडती. दुसऱ्याच्या संकटात आपलं साधून घेणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. नववा 'झिंज्या उपटणे', पण वाक्यात फक्त बायकाच भांडताना दाखवू नको म्हणावं, मुलगेही उपटतात. 'शब्दांचा कीस काढणे' मात्र यात घालू नका. मोठी माणसंही तिथे 'केस' लिहितात. तो कीस खोबऱ्याच्या किसाचा, डोक्याशी संबंध नाही.

दहावा मी देत नाही. तो रविवारी दुकानातून आणायचा, आजोबांच्या तोंडचा, पुस्तकात नसलेला. त्याच्यापुढे 'माहिती देणारे' असं लिहून मामांचं पूर्ण नाव घालायला सांगा, आणि वही बाईंकडे देण्याआधी एकदा मामांना वाचायला द्या.